मागच्या हाऊसिंगची मराठी

मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबताना दिसतो, त्याला आमच्या रत्नागिरीच्या गॅरेजांत 'हाऊसिंग' म्हणतात. आत 'क्राऊन' आणि 'पिनियन' असतात. इंजिनाकडून आलेला लांब दांडा पिनियनला फिरवतो, पिनियन काटकोनात बसलेल्या क्राऊनला फिरवते, क्राऊन चाकांना. पिनियनला दहा दात आणि क्राऊनला एकेचाळीस असतील, तर चाक एकदा फिरण्यासाठी दांड्याला ४.१ वेळा फिरावे लागते. हा आकडा मोठा असला की गाडीला ओढ येते आणि वेग कमी होतो. लहान असला की उलट. युद्धकाळातल्या विलिस जीपमध्ये तो ४.८८ होता, युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ५.३८, कारण तिला शेतात नांगरही ओढायचा होता. गाडीचा स्वभाव म्हणतात तो बराचसा या आकड्यात असतो, असे आमचे मत झाले आहे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आम्हांला हे कळले ते व्यावहारिक मराठीच्या एका प्रकल्पामुळे. प्रक्रियावर्णन लिहायचे होते. बहुतेकांनी आमरस आटवण्याची किंवा जांभा चिरा काढण्याची कृती लिहिली, आणि ती चांगलीही होती. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत अर्धा दिवस गॅरेजात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र अमेरिकन शर्यतींच्या गाड्यांतले 'क्विक चेंज' हाऊसिंग निवडले. त्याने ते डोळ्यांनी कधी पाहिलेले नव्हते, मोबाईलवर पाहिले होते. पण साध्या हाऊसिंगात त्याचे हात कोपरापर्यंत गेलेले असल्यामुळे निराळे काय आहे ते त्याला नेमके दिसले.

साध्या गाडीत हा आकडा बदलायचा म्हणजे दिवसभराचे काम. चाके काढा, आतले दांडे ओढा, क्राऊन-पिनियनची जोडी बाहेर काढा, नवी बसवताना दातांमधली फट पातळ पत्र्याच्या चकत्या घालून पुन्हा जुळवा. शर्यतवाल्याला इतका वेळ नसतो. अर्ध्या मैलाच्या मातीच्या गोल धावपट्टीवर वळणे लगोलग येतात, तिथे ओढ हवी. इंडियानापोलिसच्या अडीच मैलांच्या धावपट्टीवर लांब सरळ पल्ले मिळतात, तिथे वेग हवा. शिवाय अशा गोल धावपट्टीवर चालक सहसा एकाच गिअरमध्ये धावतो. त्यामुळे जुळवाजुळव जी करायची ती मागच्या हाऊसिंगातच.

यावरचा तोडगा कॅलिफोर्नियात टेड हॅलिब्रँड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आणला. इंजिनाकडून आलेला दांडा त्यांच्या हाऊसिंगात पिनियनला थेट भिडत नाही. तो क्राऊनच्या खालून सरळ मागे जातो. अगदी मागे, एका झाकणाआड, त्याच्या टोकावर एक सरळ दातांचे चक्र असते आणि त्याच्या वर दुसरे. वरचे चक्र पिनियनच्या शेपटीवर बसलेले असते आणि पिनियन मागून पुढे क्राऊनकडे तोंड करून असते. म्हणजे गती आधी मागे जाते, एक पायरी वर चढते आणि पुढे परतते. क्राऊन-पिनियनला हातही लावायचा नाही. तेल काढा, झाकणाचे नट सोडा, दोन चक्रे हातांनी ओढून काढा, दुसरी सरकवा. काही मिनिटांचे काम.

त्यातली गंमत पुढे आहे. समजा, खाली वीस दातांचे चक्र आहे आणि वर पंचवीस. ४.१ चा आकडा ५.१२ च्या आसपास जातो. आता तीच दोन चक्रे वरची खाली, खालची वर अशी बसवली की आकडा ३.२८. एका जोडीत दोन स्वभाव! दोन अक्षांमधले अंतर कायम असल्यामुळे एकाचे दात वाढवले की जोडीदाराचे तेवढे कमी करावे लागतात. "सर, समासासारखं आहे. पदं तीच, क्रम उलटा केला की अर्थ फिरतो," हे त्याचे वाक्य. राजवैद्य आणि वैद्यराज ही जोडी आम्ही वर्गात शिकवतो. तिला इतके तेलकट उदाहरण मिळाले नव्हते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याचे गुण कापले. परभाषेतले शब्द फार, असा आक्षेप. गिअरला दंतचक्र म्हणावे याला आमचा विरोध नाही. आम्ही वर तसे अर्धेमुर्धे केलेच आहे. पण क्राऊनला 'मुकुटचक्र' म्हटले तर मिरजोळ्यात कोणी पाना हातात देणार नाही. बैलगाडी होती तेव्हा आपल्याकडे तुंबा, आरे, धाव, आणी, कणा हे शब्द होते, कारण ते करणारे हात मराठी होते. आज जे हात मराठी आहेत त्यांनी क्राऊन स्वीकारला आहे, आणि 'क्राऊन रडतो' असे अस्सल मराठी क्रियापदही त्याला दिले आहे. आम्ही फेरतपासणीची मागणी लेखी केली. गुण वाढले नाहीत. मुलाने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला नाही. त्याला इतरही कारणे होती, पण आम्हांला हेच कारण टोचते.

रडण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. ती मागची सरळ दातांची चक्रे धावताना सतत किंचाळतात. शर्यतीत कोणाला त्याचे सोयरसुतक नसते. रस्त्यावर हौसेने नटवलेल्या 'हॉट रॉड' गाड्यांत मात्र लोक त्या आवाजासाठीच हे हाऊसिंग बसवतात आणि मागून ते दिसावे अशी व्यवस्था करतात.

त्याला आम्ही विचारले होते, आपल्या ट्रकांना हे का नको? आंबा घाट चढताना एक जोडी, कोल्हापूरच्या सपाटीला दुसरी. तो हसला. ट्रकला पुढे गिअरबॉक्स आहे, सर. आणि साखरप्याला ड्रायव्हर थांबतो तो चहाला, तेल उपसायला नाही.