रंग कापडावर राहावा, नाल्यात नव्हे

वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूच्या औद्योगिक गाळ्यांत आपल्या वस्तीतली पुष्कळ माणसे राबतात. आमच्या घरचेही दोन हात तिथे सुती कापडाच्या छपाईवर आहेत. टेबलावर कापड ताणायचे, जाळीची चौकट ठेवायची, रबरी पट्टीने रंग ओढायचा. घरी आल्यावर साबणाने अंग घासले तरी रॉकेलचा वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

बंधू-भगिनींनो, रंगात रॉकेल कशाला? पिगमेंट छपाईच्या जुन्या खळीत निम्म्याहून अधिक रॉकेलच असते. पाण्याबरोबर घुसळले की ते लोण्यासारखे घट्ट होते. पुढे कापड तापवले की ते सारे हवेत, म्हणजे कामगाराच्या छातीत. आता पाण्यातच फुगणारी कृत्रिम खळ मिळते, तिला रॉकेल लागत नाही. पण मालक म्हणतो, जुन्या खळीने कापड मऊ राहते. मऊपणा गिऱ्हाइकाला, खोकला आम्हाला!

रिअॅक्टिव्ह रंगांची तऱ्हा वेगळी. ते वाफेवर धाग्याला पक्के धरतात, पण सगळे नाही. न धरलेला बराचसा रंग धुलाईत नाल्याला जातो आणि खळीतला युरियाही. त्यावर खाडीत शेवाळ माजते. वाफेआधी कापड जरा ओलसर केले तर युरिया कमी लागतो. शेवटच्या धुलाईचे बरे पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुलाईला वापरले तर पाणी वाचते. यात मालकाचाही पैसा वाचतो, हे त्याला कोणी सांगायचे?

'नैसर्गिक रंग' म्हटले की लोक भुलतात. हिरडा, मंजिष्ठा, नीळ, गूळ-लोखंडाचा काळा रंग, सुंदरच. पण तुरटीऐवजी मोरचूद किंवा क्रोमियमचा क्षार घालून रंग पक्का केला, तर विष ते विषच.

काही अॅझो रंगांतून बेंझिडीनसारखी द्रव्ये सुटतात, त्यांनी मूत्राशयाचा कर्करोग होतो. अंगाला लागणाऱ्या कापडात असे रंग नकोत, असा कायदा जर्मनीने १९९४ साली केला. आपल्या सरकारने १९९७ साली त्यांवर बंदी आणली. नेसणाऱ्याच्या कातडीला धोका, तर डब्यातून रंग काढून कालवणाऱ्याला किती असेल? डब्यावरचे नाव वाचावे, हातमोजे मागावेत. लाज कसली?

१४ एप्रिलसाठी सुती झेंडे छापायला टाकाल, तेव्हा खळ रॉकेलची की पाण्याची, एवढे विचारा. आमच्या मंडळाच्या बैठकीत आम्ही हे सांगून ठेवले आहे.