गाठीचं आधी सांगा

बीसीजी लस टोचल्यावर काही आठवड्यांनी बाळाच्या डाव्या दंडावर लहानशी गाठ येते. ती पिकते, फुटते, सुकते आणि व्रण ठेवून जाते. तिला शेकायचं नाही, मलमही लावायचं नाही. हे आधी कळलं असेल तर आई निर्धास्त असते. नसेल तर सुईनं बाळाला अपाय झाला असंच ती धरून चालते आणि पुढचा डोस टळतो. लसीबद्दलच्या नाराजीचं खापर आम्ही बालरोगतज्ज्ञ अफवांवर फोडतो. माझ्या मते अफवेला जागा करून देते ती ही न सांगितलेली गाठ आणि पेंटा लसीच्या डोसानंतर रात्री भरणारा ताप.

दुष्परिणाम आधीच सांगितले तर लोक फिरकणारच नाहीत, असं काही सहकारी म्हणतात. पण ताप सांगितला नाही म्हणून यायचा थांबत नाही. शिवाय भीती दरवेळी निराधार असते असंही नाही. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला प्लेगची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. लस मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेतली होती. दोष ती लस तयार करणाऱ्या हाफकिनवर आला आणि त्यातून त्यांची सुटका व्हायला 1907 उजाडलं. त्या 19 जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं, आणि बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हा इतिहास दडवण्याऐवजी आज प्रत्येक मुलाला नवी सिरिंज का वापरतात, हे त्याच्या आधारे सांगावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोवराची साथ थोपवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. 2022 मध्ये गोवंडीसारख्या वस्त्यांतली मुलं चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात भरती होत होती, तेव्हा समजूत काढत बसायला वेळ कुठे होता? मग सक्ती का नको? सक्ती मुंबईनं करून पाहिली आहे. प्लेगच्या काळात घरझडत्या आणि जबरदस्तीच्या विलगीकरणामुळे लोक रोगी लपवू लागले, आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले. उलट हाफकिननी जानेवारी 1897 मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना. धर्मगुरू आगाखानांनी ती चारचौघांत टोचून घेतल्यावर त्यांचा खोजा समाज पुढे आला. आणि बाळाची लस एकदाच द्यायची नसते. जन्मतः, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी, नवव्या महिन्यात, पुन्हा दीड वर्षाच्या आसपास तीच आई स्वतःच्या पायांनी यावी लागते. टोचल्यावर अर्धा तास केंद्रात थांबायला सांगतात, तो अर्धा तास या बोलण्यासाठी पुरेसा आहे.