लाह, बिलगावची वीज आणि माझे अर्धवट भाषांतर

अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगाव ज्याचे मुख्य ठिकाण आहे त्या डोंगराळ मुलखात, भिल्ल आणि पावरा समाजांत ‘लाह’ नावाची जुनी रीत आहे. ज्याला घर उभारायचे असेल वा शेत निंदायचे असेल, तो पाड्यात निरोप धाडतो आणि शेजारपाजारची माणसे कामाला येतात. मजुरी नसते; ज्याचे काम, त्याच्याकडे त्या दिवशीचे जेवण. हिशेबाची वही कोणी ठेवत नाही, पण कोण आले आणि कोण आले नाही हे ध्यानात राहते. उद्या आपलेही छप्पर घालायचे असते.

आजच्या धाग्याचा विषय मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याची सुरुवात लाहेपासून करण्याला कारण आहे. अशा प्रकल्पांत काम नेमके होते कसे, हे मला आधी संगणकावर नव्हे, तर धडगाव परिसरातील एका गावाच्या हकिकतीतून उमगले.

प्रचलित कथा आपणांस ठाऊक असेल. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक संचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, जगभरातून माणसे मदतीला धावली आणि लिनक्स उभे राहिले. कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. लिनक्सला दुरुस्ती कोणीही पाठवू शकतो. ती स्वीकारली जाईलच असे नाही. प्रत्येक विभागाला राखणदार असतो. तो तपासतो, परत पाठवतो, पुन्हा मागवतो. वर्षानुवर्षे नीट काम करणाऱ्याच्या शब्दाला वजन येते. नेमणुकीचे पत्र मात्र कोणी देत नाही. (आज लिनक्सचे बरेचसे काम कंपन्यांचे पगारी अभियंते करतात, हेही सांगितले पाहिजे.)

आता बिलगाव. नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या धबधब्यावर जानेवारी २००३ मध्ये तेथे १५ किलोवॅटचा लघुजलविद्युत प्रकल्प सुरू झाला. १५ किलोवॅट म्हणजे शहरातील आठ-दहा वातानुकूलन यंत्रांपुरती वीज. पण ज्या पाड्यांनी विजेचा दिवा पाहिला नव्हता, त्यांच्यासाठी ती थोडी नव्हती. तंत्रज्ञान केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे. नर्मदा बचाव आंदोलनाचा आधार होता आणि ‘एड’ या स्वयंसेवी संस्थेचे साहाय्य होते. ही संस्थाही योगायोगाने १९९१ मध्येच, अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. बांधकामाचे कष्ट मात्र गावाने श्रमदानाने केले.

‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटाच्या प्रेरणांमध्ये बिलगावचे नाव घेतले जाते. चित्रपटात एक नायक येतो आणि गाव जागे होते. बिलगावच्या प्रत्यक्षात असा एकटा नायक मला तरी सापडत नाही. पडद्याला चेहरा लागतो, तसा लिनक्सच्या कथेलाही टोरवाल्ड्सचा लागला.

उभारणीच्या दिवशी माणसे मिळतात. खरा प्रश्न त्यानंतरचा. पाटातला गाळ कोण काढणार? रात्री यंत्र थांबले तर कोण उठणार? सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न २०१४ साली उघडा पडला. ‘हार्टब्लीड’ हा दोष ओपनएसएसएल या प्रणालीत सापडला, तेव्हा कळले की जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्या प्रणालीवर विसंबून होती, तिची देखभाल मूठभर माणसे करीत होती आणि तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २००० डॉलर इतक्याच होत्या. वापरणारे असंख्य, गाळ काढणारे चार. लाहेत असे घडले असते, तर जेवून गेलेल्यांची नावे पाड्याला ठाऊक असती.

बिलगावचे पुढे काय झाले, हे लिहिणे अवघड जाते. २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यास मंजुरी मिळाली आणि त्याच पावसाळ्यात फुगवट्याच्या पाण्यात तो प्रकल्प बुडाला. देखभालीत कसूर झाली म्हणून तो गेला नाही. सॉफ्टवेअरचा एक संगणक जळाला तर शंभर ठिकाणी प्रती असतात. दगडमातीच्या कामाची प्रत ठेवता येत नाही. ‘स्वयंसेवेने काहीही साधते’ असे कोणी म्हणाले की मला हे वर्ष आठवते. गाव धबधब्यावर वीज निर्माण करू शकले. धरणाची उंची ठरवणे त्याच्या हाती नव्हते.

माझी स्वतःची गोष्ट याहून फार लहान आहे. विद्यार्थिदशेत मी एका मुक्त प्रकल्पाचे मराठी भाषांतर करीत असे. नोकरी लागली आणि कोणालाही न कळवता मी थांबलो. दोन वर्षांनी तीच प्रणाली एका ओळखीच्या मुलाच्या संगणकावर पाहिली. मराठी आज्ञांच्या मधोमध नवी इंग्रजी वाक्ये उगवली होती. तो त्याच्या भावाला विचारत होता, “हे अर्धंच मराठीत का आहे रे?” मी काही बोललो नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा नाव नोंदवले. मधल्या काळात कोणा अनोळखी व्यक्तीने अकरा वाक्ये मराठीत करून ठेवली होती. त्यांतील दोन चुकली होती. ती दुरुस्त केली आणि बाराव्या वाक्याला हात घातला.