दोन अँपिअरचा फ्यूज

सांगलीत एका दुकानात अँप्लिफायर मांडला होता. पुढे निळे दिवे नाचत होते आणि त्याखाली ऐटीत छापलेलं, ५००० वॅट. मी तो फिरवून पाठ बघितली. फ्यूजच्या काळ्या टोपीशेजारी बारीक अक्षरं : २ अँपिअर. २३० गुणिले २, झाले ४६०. एवढ्यावर सलग खेचला की ज्याचा फ्यूज उडणार, तो ५००० देणार कुठून? मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, ते पीएमपीओ आहे." म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा. स्थळ सांगताना मुलाच्या पगारात बापाची पेन्शन, भावाचं भाडं आणि यंदाचा ऊस मिळवतात, तसला हा हिशोब. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, आणि तो खोक्यावर शोधावा लागतो.

साताऱ्याच्या भाच्याने बारा इंची वूफर घेऊन ठेवलाय. "मामा, पाच हजारांच्या आत बसवा, पण दणका पाहिजे." दणक्याचा भाव पोरांना माहीत नसतो. १०० वॅटचे २०० केले की आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. उलट तोच वूफर खोलीच्या कोपऱ्यात सरकवला तर खालचा आवाज फुकटात भरतो. अर्थात चौदा फुटी खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा एखादा सूर नको तेवढा फुगतो आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची नेमकी एकच परात झणझणायला लागते. बाकीची भांडी गप्प!

स्वस्तात दोन वाटा. एक म्हणजे हल्लीचा क्लास-डी बोर्ड, टीपीए ३११६ चिपचा, तळहाताएवढा. त्याचे १०० वॅट २ ओहमच्या भाराला असतात. वूफर ४ ओहमचा असेल तर निम्म्यावर या. दुसरी वाट जुन्या मेकॅनिककडून जोडून घेण्याची : ५२०० आणि १९४३ ट्रान्झिस्टरची जोडी, २४-०-२४ चा ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, जाड हीटसिंक. ४ ओहमवर ८०-९० वॅट इमानदारीने मिळतात. त्या ट्रान्झिस्टरची नक्कल बाजारात उदंड आहे, म्हणून माझा भर ट्रान्सफॉर्मरवर. तांबं वजनात खोटं बोलत नाही. उचलताना हात खाली ओढला गेला पाहिजे. मंडपातला भोंग्याचा अँप्लिफायर मात्र स्वस्तात मिळतोय म्हणून घरी आणू नका. त्याचा जन्म लांबवर बोलणं पोचवायला झालाय, खालच्या सुरांशी त्याचं फारसं जमत नाही.

अशाच एका मेकॅनिकने संध्याकाळी या म्हटलं, म्हणून मधल्या वेळात मी मिरजेला गेलो. सतारमेकरांच्या गल्लीत गेलं की मला वॅट हा शब्दच आगाऊ वाटू लागतो. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात ही कला उचलली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ओसरीवर भोपळे उपडे पडलेले, लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास. एक म्हातारे गृहस्थ तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीच्या पाठीवर कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, मान हलवायची. पुन्हा कानस. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला आणि नखाने केसभर पुढे ढकलला. तोवर ठक्क वाजणारी तार एकदम उघडली. खर्ज लागला तसं मी टेकलो होतो त्या खांबातही काहीतरी आल्यासारखं वाटलं. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज म्हणजे ६९ हर्ट्झ. सबवूफरच्या हद्दीतलाच की! पण तारेची सगळी श्रीमंती त्या खालच्या सुरात नसते, त्याच्यावर थरथरणाऱ्या वरच्या स्वरांत असते. ती दोऱ्याने जागी होते आणि तबलीतून, भोपळ्यातून खोलीभर होते. वीज शून्य. म्हाताऱ्यांना मी अँप्लिफायरचं सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "मोठा नको घेऊ. मोठ्यात चूक पण मोठी ऐकू येते."

याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्याशी त्यांचं नातं जडलं. १९३७ साली ते गेले. त्यांच्या 'जमुना के तीर'च्या जुन्या तबकडीत खालचे सूर इतके पुसट आहेत की सबवूफरला तिथे जवळपास सुट्टीच असते. तरी ती भैरवी ऐकताना काही कमी पडल्याचं मला कधी जाणवलं नाही. भाच्याला हे पटणार नाही. त्याचं गाणंच ४० हर्ट्झवर सुरू होतं.

साताऱ्याला हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत तिथे भिंत कोसळून माणसं दगावली आणि बोट मिरवणुकीतल्या दणदणत्या डॉल्बीकडे दाखवलं गेलं. घरातल्या शंभर वॅटने भिंत पडत नाही, पण तिच्यातून जे पलीकडे जातं ते खालचंच. गायकाचा शब्द विटेत अडतो, धपधप मात्र शेजारच्या आजींच्या उशीपर्यंत पोचते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तेव्हा घ्या खुशाल, शंभरच्या आतला, जड ट्रान्सफॉर्मरचा, लो-पास ८० हर्ट्झवर ठेवलेला. आणि रात्री दहाला त्याचा खटका बंद करा.