काळ्या मातीतली गुहा

सोलापूर जिल्ह्यात चुनखडकाची गुहा शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हातानं परततो, आणि त्याचं कारण त्याच्या पायाखालीच असतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण. पावसाच्या पाण्यातलं सौम्य आम्ल चुनखडकाला विरघळवतं, फटी रुंदावतं, डोंगराच्या पोटात दालनं तयार करतं. आपल्या काळ्या पाषाणावर त्याची ती मात्रा चालत नाही. बार्शीच्या उत्तरेला बालाघाटाचे डोंगर आहेत, पलीकडे धाराशिवची लेणी आहेत, पण ती माणसानं कोरलेली. चुनखडक भेटतो तो भीमा कर्नाटकात शिरल्यावर, शहाबाद-वाडीकडे. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी म्हणजे तोच दगड.

ज्यांच्या डोंगरात गुहा आहेत त्यांनी आपले मृत तिथं ठेवले. फिलिपीन्समधल्या सगादा गावाजवळ लुमियांग नावाची चुनखडकाची गुहा आहे. तिच्या तोंडाशी शवपेट्या एकावर एक रचलेल्या आहेत. जुन्या पेट्या आखूड दिसतात, कारण मृताला गुडघे छातीशी घेऊन, पोटातल्या बाळासारखं ठेवायची तिथली रीत. मेघालयात खासी लोक दहनानंतरच्या अस्थी कुळाच्या दगडी अस्थिघरात एकत्र ठेवत आले आहेत. हे वाचताना मला पूर्वी वाटायचं, आपल्याकडे असलं काही नाही; सपाट रान, बोरी-बाभळी आणि ऊन. आज्जाच्या मातीला उभा राहिलो तेव्हा हे वाटणं संपलं.

आमच्या लिंगायतांत दहन नाही, दफन आहे. देह आडवा ठेवत नाहीत, बसवतात. घरात आज्जा भिंतीशी मांडी घालून बसवलेला, कपाळभर विभूती, गळ्यात हार. मग सजवलेल्या विमानातून, म्हणजे बसत्या तिरडीतून, भजनाच्या नादात रानाकडे. खड्ड्याचं माप मृताच्याच पावलांनी धरायची रीत जुनी माणसं सांगतात. खणणारे गडी गप्प राहून खणत होते. आधी वीतभर नव्हे, चांगली पुरुषभर काळी माती, मग चुनखडीचे पांढरे खडे, खाली पिवळसर मुरूम. तळाशी पोचल्यावर त्यांनी एका बाजूच्या भिंतीत कोनाडा कोरायला घेतला. बसलेला एक माणूस मावेल एवढाच. आज्जाला त्यात बसवलं, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवलं, स्वामींनी मंत्र म्हटले आणि भोवती विभूती न् बेलाची पानं भरली. वरून मी वाकून पाहत होतो. डोंगरानं दिली नाही म्हणून आमच्या माणसांनी जमिनीत स्वतःच्या हातांनी गुहा केली होती, आणि तीही एकेका माणसाच्या बेतानं. लाखो वर्षं पाण्यानं घडवलेल्या दालनाइतकाच मला तो तासाभरात कोरलेला कोनाडा मोठा वाटतो.

जमिनीखालच्या अशाच एका दालनाची, आमचे संत अल्लमप्रभू यांची कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. भटकत असताना त्यांच्या पायाच्या नखाला जमिनीत काहीतरी टोचलं. उकरून पाहिलं तर गाडलेल्या देवळाचा कळस. खणत खणत दार सापडलं, आत अनिमिष नावाचा योगी बसलेला, तळहातावर लिंग. ते लिंग अल्लमांच्या हाती आलं आणि त्यांचा गुरू त्यांना मिळाला. हेच अल्लम पुढं सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापुरात आले. तेव्हा बाराव्या शतकातले आमचे सिद्धरामेश्वर तळं खणण्यात गुंतलेले होते. त्यांची समाधीही त्याच तळ्यातल्या देवळात आहे. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा सारं शहर रस्त्यावर येतं; समाधीपुढं मात्र माणूस आपोआप हळू बोलतो.

बसवलेला मृत त्याही कितीतरी आधी सापडतो. भीमेच्या वरच्या अंगाला, तिला मिळणाऱ्या घोड नदीकाठी इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. लहान मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली. मोठ्यांचे पाय घोट्यावर तोडलेले. मेलेला उठून भटकू नये म्हणून असावं, असा अभ्यासकांचा तर्क. आणि एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष, पाय शाबूत. या बैठकीचा आमच्या बैठकीशी धागा जोडणं चुकीचं ठरेल, मध्ये दोन हजार वर्षांचं अंतर आहे. पण दूर न नेता घराशीच ठेवलेली ती लेकरं आणि तो पुरुष पाहून वाटतं, मृतांना दूर लोटायचं की जवळ बसवायचं हा प्रश्न या नदीच्या खोऱ्यात फार जुना आहे. चुनखडीच्या मातीत हाडं टिकतात, म्हणून तो आपल्याला कळला तरी.

आज रानांतल्या समाध्यांची मला काळजी वाटते. बांधालगतचा कट्टा, त्यावरचा नंदी, बेलाचं झाड. सातबाऱ्यावर हे बहुधा कुठंच नसतं. वाटण्या होतात, रान विकलं जातं, जेसीबी येतो. नव्या मालकाला दोष कसा द्यायचा, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गावात दफनभूमी नाही म्हणून बांधाशी पुरलेल्या गरिबांच्या जागांवर तर कट्टाही नाही, फक्त एक उभा दगड. त्या आधी जातील.

तुमच्या शिवारात अशी जागा असेल तर या उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला तिथं घेऊन जा. कोण, कुठल्या साली, कुठल्या दिशेला तोंड करून बसलंय ते विचारा, वहीत लिहा, गटनंबर टाका, आणि त्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.