कोणता मुलूख झोपेत घालवायचा

लांबच्या गाडीत बर्थ मिळाला की माणूस निश्चिंत होतो. रात्री पाठ टेकायला जागा झाली, आता गाडी नेईल तिकडे जायचं. माझा प्रश्न मात्र तिथेच सुरू होतो. गाडी रात्रभर धावणार आणि आपण रात्रभर झोपणार, म्हणजे वाटेतला निम्मा देश न बघताच मागे पडणार. कोणता निम्मा, हे मात्र आपल्याला ठरवता येतं. म्हणून दोन मार्गांतला एक निवडताना मी भाडं आणि थांबे नंतर बघतो. सूर्य कुठे उगवेल आणि कुठे मावळेल, हे आधी बघतो. नदी उजेडात येते की अंधारात, घाट किती वाजता लागतो, कोणत्या स्टेशनावर दिवेलागण होते, हे कळल्याशिवाय मला तिकीट काढवत नाही.

देवळाली प्रवराला स्टेशन नाही. रेल्वेच्या नकाशावर देवळाली आहे, पण ती नाशिकजवळची. आमचं गाव राहुरी तालुक्यातलं, प्रवरेच्या उजव्या कालव्यावरचं. रूळ गावाच्या पूर्वेला थोड्या अंतरावरून जातात. टाकळीमियां स्टेशन जवळ आहे, पण लांबच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. त्यासाठी बेलापूरला, म्हणजे श्रीरामपुरात, नाहीतर सरळ नगरला जावं लागतं. दौंड ते मनमाड हा फाटा १८७८ साली सुरू झाला, तो मुंबईहून दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे जाणारे दोन मोठे मार्ग जोडण्यासाठी. त्यामुळे आमच्या शिवाराशेजारून एकीकडे बंगळूर आणि वास्को, दुसरीकडे दिल्ली, जम्मू, हावडा अशा गाड्या जातात. बांधावर उभं राहिलेल्या माणसाला अख्खा देश दोनच दिशांनी मोजता येतो: दौंडकडे आणि मनमाडकडे.

यंदा ऊस तुटून गेला की आम्हा दोघांना देश आडवा-उभा बघून यायचा आहे. जनावरांची सोय झाली आहे. जायचं कुठे, यावर गेले कित्येक दिवस जेवताना बोलणं चालू आहे.

पहिलं नाव निघालं झेलमचं. पुणे ते जम्मू जाणारी ही गाडी आमच्या भागात फौजेची गाडी म्हणून ओळखली जाते. नगरला चिलखती दलाचं केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचं केंद्र आहे, आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं भरती झालेली. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर लिहिलेला, ट्रंक सीटखाली सरकवून साखळीनं बांधलेली, आणि फलाटावर पोराच्या हातात चिवड्याचा डबा देणारी आई. हे दृश्य मी या गाडीला जितकं पाहिलं तितकं दुसऱ्या कुठल्या गाडीला पाहिलं नाही. झेलम संध्याकाळी पुणे सोडते आणि रात्रीच्या अंधारात नगर जिल्हा ओलांडते. मनमाडनंतर खानदेश, बऱ्हाणपूर, असीरगडाचा डोंगर, सगळं झोपेत जातं. त्याचं वाईट वाटतं, पण त्या बदल्यात सकाळी नर्मदा मिळते.

इटारसी सुटलं की डब्यात आपोआप जाग येते. मधले बर्थ खाली येतात, चादरींच्या घड्या होतात, आणि पुलाचा आवाज सुरू झाला की माणसं खिडकीशी गोळा होतात. खिडकीच्या आडव्या गजांतून हात बाहेर काढून नाणं टाकायचं, हात जोडायचे. समोर नर्मदापुरमचे घाट, पाण्यावर कोवळं ऊन, नदीचं पात्र इतकं रुंद की गाडी हळू चालली आहे असं वाटावं. नदी ओलांडली की लगेच विंध्याचा चढ लागतो. बुधनीपासून पुढे सागाचं जंगल, वळणं, छोटे बोगदे. दुपार कलताना मुरैना आणि धौलपूरच्या मध्ये चंबळ येते आणि तिच्या दोन्ही काठांची ती खचलेली, मातीच्या भिंतींची जमीन. आमच्या काळ्या रानातल्या माणसाला ती बघून कळत नाही की इथे पीक कुठे घेत असतील. दिल्ली रात्री. पंजाब पूर्ण झोपेत. पठाणकोटला उजाडलेलं असतं, मग रावी, आणि रावीनंतर शिवालिकच्या टेकड्या. नर्मदा, चंबळ, रावी तिन्ही उजेडात देणारी गाडी मला फार उदार वाटते. आता तर जम्मूच्या पुढे काश्मीरपर्यंत रूळ गेले आहेत. चिनाबवरचा पूल नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे, जून २०२५ मध्ये तो सुरू झाला, आणि कटऱ्याहून श्रीनगरला दिवसाउजेडी गाडीनं जाता येतं. तिथे झोपायचा प्रश्नच नाही.

मग पूर्वेचा विचार झाला. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद. तीही आम्हाला रात्रीच भेटते. सकाळी विदर्भ, दुपारी गोंदियाच्या पुढे सालेकसा-दरेकसाचं जंगल आणि डोंगरगडच्या टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ. इथवर छान. पण पूर्वेकडे निघालं की दिवस आखूड होतो. घड्याळ सगळ्या देशाचं एक आणि सूर्य मात्र तिकडे लवकर मावळतो. थंडीत छत्तीसगड सरेपर्यंत अंधार पडतो आणि ओडिशा-झारखंडचे डोंगर, साल वृक्षांची ती दाट रानं, काळोखात निघून जातात. ज्यासाठी जावं तेच झाकलेलं. ही गाडी मी बाजूला ठेवली.

या सगळ्या वेळा जुळवताना एक गोष्ट माझ्या मनाला लागली. झेलम आम्हाला रात्री ओलांडते, आझाद हिंद रात्री ओलांडते. आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस? कोल्हापूर ते गोंदिया, तेराशे किलोमीटरच्या वर, आणि एवढ्या अंतरात राज्याची हद्द सोडत नाही. ती दुपारी कोल्हापूर सोडते. कृष्णेचं खोरं, सांगली-साताऱ्याची हिरवाई दिवसा. पुणे रात्री. पहाटेनंतर खानदेशातल्या केळीच्या बागा, मग वऱ्हाडातला कापूस, नागपूर आणि गोंदियाकडची धानाची खाचरं पुन्हा दिवसाच्या उजेडात. उलट येताना सकाळी गोंदिया, संध्याकाळी भुसावळ, सकाळी पुन्हा कृष्णाकाठ. दोन्ही वेळेला मधला जो तुकडा रात्रीच्या वाट्याला येतो तो आमचा आहे. महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी ती गाडी सगळा महाराष्ट्र दाखवते, आणि नगर जिल्हा आला की प्रवासी पांघरूण ओढून घेतात.

यात कुणाचा दोष नाही. पुणे आणि नागपूर या शहरांना सोयीच्या वेळा द्यायच्या तर मधल्यांनी रात्र घ्यायची, हा हिशेबच आहे. तरी वाईट वाटतं. मुळा, प्रवरा आणि गोदावरी या तीन नद्या राहुरीपासून कोपरगावपर्यंतच्या थोड्या अंतरात रुळाखालून जातात. पुणतांब्याला गोदेकाठी चांगदेवांची समाधी आहे. मनमाड यायच्या आधी अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले रुळाच्या इतके जवळ येतात की त्यांच्या कातळातल्या रेघा दिसाव्यात. देशभरातले किती लोक यावरून गेले असतील आणि किती जणांनी हे पाहिलं असेल?

रात्रीत सगळंच हरवतं असं नाही, हेही सांगायला हवं. अट एकच, खिडकी उघडी हवी. म्हणून मी वातानुकूलित डब्याचा आग्रह धरत नाही. तिथली काच गार आणि गढूळ, बाहेरचा वास नाही, वारा नाही. साध्या स्लीपर डब्यात पत्र्याची झडप वर उचलून चाप बसवला की रात्रीचा मुलूख नाकानं कळतो. गळिताच्या दिवसांत नगर सोडून राहुरीकडे निघालं की पाचट पेटवल्याचा वास येतो. मग एकदम गारवा अंगावर येतो, तो पाणी दिलेल्या उसाचा. वांबोरीच्या कोरड्या हवेनंतर तो इतका स्पष्ट लागतो की डोळे मिटलेला माणूसही सांगेल, कालव्याखालची जमीन आली. पूल आला की आवाज पोकळ होतो.

बर्थमध्ये मी नेहमी साइड लोअर मागतो. लोकांना तो आवडत नाही. दोन सीटांच्या पाठी आडव्या करून केलेलं अंथरूण, मधे सांध्याची खाच कमरेला लागते, जाणारा-येणारा धक्का देतो, पाय लांब असतील तर दुमडून घ्यावे लागतात. पण त्याच्यावर मधला बर्थ नसतो. रात्री १० ते सकाळी ६ ही झोपायची वेळ रेल्वेनं ठरवून दिली आहे. समोरच्या बाजूला मधल्या बर्थवरचे काका सातपर्यंत उठले नाहीत तर खालच्यानं मान वाकडी करून पहाट बघायची. साइड लोअरवरचा माणूस पाचला उठून बसतो, पाय वर घेतो, आणि अख्खी खिडकी त्याची. पहिला चहा येईपर्यंत तो आणि बाहेरची शेतं, एवढेच जागे असतात.

आता दक्षिण. कोकण रेल्वे बघायची हा आमच्या घरातला जुना हट्ट. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, आणि १९९८ पासून सलग धावणाऱ्या गाड्या. पण त्या रुळावरही गाडी निवडावी लागते. कोकणकन्या रात्री मुंबई सोडते, मांडवी सकाळी. रूळ तेच, नद्या त्याच. एकीत वासिष्ठीचं खोरं झोपेत जातं, दुसरीत मांडीवर जेवणाचं ताट घेऊन दिसतं. आम्हाला तर थेट कन्याकुमारीला जायचं आहे, म्हणून मी नेत्रावतीवर थांबलो. ती मुंबईहून दुपारी निघते. पनवेलला ती धरायची. चिपळूण उन्हात. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि थंडीत तिथेच कुठेतरी तिन्हीसांजा होतात. पुढे सिंधुदुर्ग, गोवा, कारवार रात्रीत. उजाडताना केरळ: माडांच्या रांगा, लाल कौलं, घराघराच्या मागे पाणी. संध्याकाळी तिरुवनंतपुरम, तिथून कन्याकुमारी काही तासांची वाट.

येताना वेगळ्या वाटेनं यायचं, म्हणजे जाताना झोपेत गेलेलं वसूल होतं. मंगळूरहून मडगावपर्यंत दिवसाची गाडी घेतली की होन्नावरचा शरावतीवरचा दोन किलोमीटर लांब पूल आणि कारवारची काळी नदी उजेडात मिळते. सिंधुदुर्ग तेवढा राहतो. तो पुढच्या खेपेला.

मडगावहून घरी आणणारी गोवा एक्स्प्रेस. वास्को ते दिल्ली जाणारी ही गाडी दूधसागरावरून जाते. दिल्लीकडून गोव्याला निघालं तर ती हा घाट पहाटेच्या अंधारात उतरते. धबधबा ऐकू येतो आणि दिसत नाही. पण गोव्याहून निघालं तर दुपार कलताना कुळे येतं. तिथून कॅसलरॉकपर्यंत ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ आहे. जादा इंजिनं लागतात, गाडी धापा टाकत चढते, आणि ३१० मीटरांवरून कोसळणारं पाणी रुळाखालच्या कमानींतून पलीकडे जातं. डिसेंबरात पावसाळ्याइतका जोर नसतो, पण पाणी असतं आणि ऊनही असतं. लोंढ्याला अंधार. बेळगाव, मिरज, सातारा झोपेत. पुणे पहाटे. आणि सकाळच्या पहिल्या उन्हात नगर!

हे वेळापत्रकात दिसलं तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली. लांब पल्ल्याची गाडी, रात्रभर आलेली, आणि आमचं शिवार तिला सकाळी लागतं. त्या डब्यात दिल्लीला निघालेली माणसं नुकती जागी झालेली असतील, चहाचे कप हातात असतील, आणि बाहेर ऊस, कांद्याची रोपं, कालव्याच्या पाण्यावरचं धुकं.

सोयीचं उतरणं नगरला. तिथून एसटी तासाभरात राहुरीला सोडते. मी तिकीट मनमाडपर्यंतचं काढायचं म्हणतो आहे.

“अहो, घरावरून पुढं जायचं आणि मनमाडहून परत एसटीनं मागं यायचं? सामान आहे, दोन आठवडे घर बंद आहे,” बायको म्हणाली. तिचं म्हणणं खरं आहे. शंभरेक किलोमीटर उलटं यावं लागेल. मी तिला नकाशा दाखवला. गाव रुळाच्या पश्चिमेला. गाडी उत्तरेकडे चाललेली, सकाळी सूर्य उजवीकडे, म्हणजे डाव्या खिडकीतून बघणाऱ्याच्या पाठीशी ऊन आणि समोर उजळलेली शेतं. आपण त्या रानात जन्म काढला, पण बांधावरून. तिकडे जाणाऱ्या गाडीतून ते कसं दिसतं, परक्या माणसाच्या खिडकीत आपलं गाव किती वेळ राहतं, हे आपल्याला कधी कळलं नाही.

ती बराच वेळ नकाशाकडे बघत होती. मग विचारलं, “पुण्याला इंजिन मागच्या टोकाला लागतं ना?” लागतं. मिरजेकडून आलेल्या गाडीला दौंडकडे जायला पुण्यात तोंड फिरवावं लागतं. रात्री उजवीकडे असलेली खिडकी सकाळी डावीकडे होते. “मग बेळगावला उजव्या अंगाला असेल तिथं बसायचं,” ती म्हणाली, “आणि मला टाकळीच्या आधी उठवा.”

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ऊस तुटायची तारीख कळली की मागे मोजायला बसायचं आहे.