धाकटी बॅटरी

काही माणसांची आणि काही वस्तूंची आठवण ती रुसून बसल्याशिवाय होत नाही. समई तेलाने काठोकाठ भरलेली असावी आणि तीत वात नसावी, म्हणजे अंधार तो अंधारच. तेलाचा भाव सगळ्यांना पाठ असतो; वातीचा भाव कोण विचारतो? विजेवर चालणाऱ्या मोटारीतही अशी एक वात असते, हे गेल्या मे महिन्यापर्यंत मला ठाऊक नव्हते. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला ते ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. पण कारण एके दिवशी आमच्या अंगणातच येऊन उभे राहिले.

आमचे घर आसनगावला. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या आवाजावर घरातली कामे चालतात आणि समोर माहुलीचे सुळके दिसतात. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पंधरा वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि दोन वर्षांपूर्वी पतपेढीचे कर्ज काढून एक वापरलेली, विजेवर चालणारी गाडी घेतली. डिझेलचा खर्च वाचेल, असा त्यांचा साधा हिशेब. स्टेशनवरून माहुलीच्या पायथ्याशी जाणारे गडप्रेमी, शहापूरची लग्नाची वऱ्हाडे आणि कल्याण-ठाण्याच्या रुग्णालयांत जाणारे आजारी लोक, ही आमची गिऱ्हाइके. दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता. माझी कॉलेजची फीसुद्धा त्याच गाडीच्या चाकांवरून येते.

मे महिन्यात बाबांना ताप आला आणि गाडी आठ-दहा दिवस उन्हात उभी राहिली. ताप उतरल्यावर एका रविवारी दुपारी त्यांनी किल्लीचे बटण दाबले, तर गाडी ढिम्म. दार उघडेना, दिवा लागेना. किल्लीतल्या धातूच्या पात्याने दार उघडले, तरी आतला पडदा काळाच. शेवटचे भाडे करून आल्यावर मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली होती. चार्जिंगची वायर लावून पाहिली. गाडीने तिकडेही लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता शेजारच्या आजींना डायलिसिससाठी कल्याणला न्यायचे होते. आठवड्यातून दोनदा हा फेरा असतो. लोकलची पायरी त्यांना चढवत नाही, आणि डायलिसिस म्हणजे काही आज नाही तर उद्या, असे काम नव्हे. बाबा आजारी असताना आजींच्या मुलाने दोन-तीन फेऱ्या रिक्षाने केल्या होत्या. आजी परत आल्या की दिवसभर उठत नसत.

गाडी बंद पडली की गाव गोळा होते. एका काकांनी फर्मावले, “धक्का मारा!” चार पोरे मागे लागलीदेखील. पण धक्क्याने सुरू व्हायला आधी इंजिन असावे लागते. ते या गाडीत नाहीच. दुसऱ्यांनी मान हलवत निकाल दिला, “मोठी बॅटरी गेली. आता काही लाखांना खड्डा.” तो शब्द ऐकून बाबा ओट्यावर जाऊन बसले. कंपनीच्या मदतकेंद्राने फोनवर सांगितले, की उद्या दुपारनंतर ट्रक येईल आणि गाडी उचलून नेईल. आई काही बोलली नाही. तिने कपाटातली हप्त्याची वही काढली आणि पुन्हा ठेवून दिली.

गाडीच्या कप्प्यात एक जाडजूड पुस्तिका होती, पहिल्या मालकाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेली. सगळी इंग्रजी. बाबांनी ती माझ्यापुढे धरली. “बाय, तू कालेजात जातंस ना? बघ यात काय लिवलंय ते.” जमलेल्यांपैकी कुणीतरी हसून म्हणाले, “आर्ट्सच्या पोरीला गाडीतलं काय कळणार?” मला राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. आमच्या घरात इंग्रजी कागद वाचू शकणारी मी पहिलीच. बँकेचे पत्र असो की औषधाची चिठ्ठी, ती माझ्याच हाती येते, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचू लागले. कळले ते असे. या गाडीत एक नव्हे, दोन बॅटऱ्या असतात. गाडी पळवणारी थोरली बॅटरी तळाशी असते. तिचा दाब तीनशे व्होल्टच्या आसपास. एवढी वीज सदैव मोकळी ठेवणे धोक्याचे, म्हणून गाडी बंद असताना ती कुलपात ठेवतात. हे कुलूप म्हणजे विजेवर मिटणारा आणि उघडणारा एक जाडजूड स्विच. तो मिटवायला लागणारी थोडीशी वीज देते धाकटी बॅटरी. ती बारा व्होल्टची, साध्या मोटारीत असते तशीच, बॉनेटखाली एका कोपऱ्यात बसलेली. दाराचे कुलूप, दिवे, पडदा आणि गाडीचा संगणक यांचाही भार तिच्यावरच. गाडी चालू झाली, की थोरली तिला परत भरून काढते. म्हणजे धाकटीने सकाळी थोरलीला उठवायचे आणि थोरलीने दिवसभर धाकटीला पोसायचे. धाकटी निजली, की थोरली भरलेली असूनही गाडी मुकी.

हे मी मराठीत मोठ्याने सांगितले, तेव्हा सगळ्यांना ते चटकन पटले. भातसा आणि तानसा ही धरणे आमच्याच शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. भरलेले असणे वेगळे आणि हाताशी असणे वेगळे, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून बाबांनी मीटर मागून आणला. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घर साधारण दोन व्होल्टचे, म्हणून पूर्ण भरलेली चांगली बॅटरी साडेबाराच्या थोडे वर दाखवते. आमच्या बॅटरीने दाखवले ८.९. बाबा मीटरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे मोठी शाबूत हाय?” मी म्हटले, “हाय.” इतके दिवस कॉलेजात जाऊन मी ‘आहे’ म्हणायला शिकले होते, त्या क्षणी तोंडातून ‘हाय’च आले.

त्यापुढचे काम बाबांच्या हातचे होते. साध्या गाड्यांच्या अशा बॅटऱ्या त्यांनी कितीदा बदलल्या असतील. मी वाचत होते आणि ते करत होते. किल्ली घरात नेऊन ठेवली, म्हणजे गाडी चुकून जागी होणार नाही. नारिंगी वेष्टणाच्या तारा थोरलीच्या. त्यांना हात लावायचा नाही. बोटातली तांब्याची अंगठी बाबांनी काढून आईकडे दिली. मग दहा नंबरच्या पान्याने आधी ऋण टोक सोडवले आणि नंतर धन. हा क्रम उगाच नाही. गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते टोक जोडलेले असताना धन टोकावरचा पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते आणि पाना लाल होतो. बाबांना हा क्रम ठाऊक होता, कारण माझ्याकडून त्या दिवशी प्रथमच ऐकले. “उस्तादानं सांगितलं व्हतं, म्हनून करायचो,” ते म्हणाले.

जुन्या बॅटरीवर चार वर्षांपूर्वीची तारीख होती. बाबा ती घेऊन स्कूटरवरून शहापूरला गेले आणि त्याच मापाची, धन टोक त्याच बाजूला असलेली नवी घेऊन आले. जुनी परत दिल्याने किंमत थोडी कमी झाली. जुन्या बॅटरीतले शिसे विषारी. ते पुन्हा वितळवून वापरता येते. २०२२ सालच्या नियमांनी अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तारांच्या टोकांवर पांढरट बुरशीसारखे साचले होते. ते आईने खायचा सोडा आणि कोमट पाणी घालून जुन्या ब्रशने घासले आणि कोरडे पुसले. जोडताना क्रम उलटा: आधी धन, मग ऋण. पट्टी आवळली. किल्ली आणली. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले, आणि बॉनेटखालून ‘खट्’ असा लहानसा आवाज आला. थोरली जागी झाली होती. मीटर पुन्हा टोकांवर धरला, तर १४.१. धाकटीचे पोसणे सुरू झाले होते.

रात्री मी या विषयावर आणखी वाचले. शिसे आणि आम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. १९१२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगच्या विद्युत स्टार्टरमुळे मोटारीचे हँडल फिरवण्याचे कष्ट संपू लागले, तेव्हापासून मोटारीला जागे करणे हे बॅटरीचे काम झाले. पेट्रोल गेले, इंजिन गेले, पण पहाटे उठवणारी ही जुनी बाई कामावर आहेच. ती मरते कशाने, तेही कळले. गाडी उभी असतानाही कुलूप आणि संगणक तिच्यातून थेंब थेंब वीज पीत राहतात. ती बराच काळ रिकामी राहिली, की आतल्या पत्र्यांवर गंधकाचा क्षार घट्ट बसतो आणि मग भरू म्हटले तरी ती भरत नाही. उन्हाने तिचे आयुष्य आणखी घटते.

वाचताना आमच्या घराचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. पंधरा वर्षांचा अनुभव बाबांच्या हातांत भरून होता आणि तरीही त्या दुपारी ते ओट्यावर बसून होते. कारण कुलपाची किल्ली परक्या भाषेत होती. माझ्याजवळ ती भाषा होती, पण पाना कसा धरतात हे मला आजही नीट येत नाही. आणि ती भाषा तरी मला कुणी दिली? त्यांच्याच भाड्याच्या पैशांनी. पहिल्या पिढीने शिकायचे म्हणजे आईबापांच्या पुढे निघून जायचे, असे मी समजत होते. आता वाटते, की पुढे जाणे हा त्यातला अर्धाच भाग. दिवसभर जिथून आपण भरून घेतो, तिथे सकाळी जाऊन ‘उठा’ म्हणणे हा उरलेला अर्धा.

सोमवारी सहाला आजी गाडीत बसल्या आणि वेळेवर कल्याणला पोचल्या. रविवारी काय झाले, ते त्यांना कुणी सांगितलेही नाही.

संध्याकाळी बाबांनी बाजारातून शंभर पानी वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “त्या पुस्तकातलं समदं मराठीत लिव. मोठ्या अक्षरात.” बॅटरीचे प्रकरण मी पहिल्या आठ पानांत लिहिले. आमच्याच स्टँडवर विजेच्या गाड्या चालवणारे आणखी दोघे आहेत; त्यांनी त्या पानांचे फोटो काढून नेले. त्यांतल्या एकाने एक शब्द कळत नाही म्हणून निरोप धाडला. ‘ऋण’ या शब्दाने त्याला पतपेढीच आठवत होती. मी तो खोडून ‘मायनस, काळी वायर’ असे लिहिले. मराठी विषय घेतलेल्या मुलीला हा धडा वर्गात मिळाला नसता. सध्या टायरचे प्रकरण चालू आहे.